ताप उतरल्यावर उरलेली साल

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सप्रेम नमस्कार. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली चार वर्षं आम्ही एडिनबर्गला राहतो. इथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सकडे विल्यम कलेन या अठराव्या शतकातल्या डॉक्टरांचा पत्रव्यवहार जपलेला आहे आणि तो घरबसल्या वाचता येतो. वाचता वाचता वेडच लागलं, म्हणून एका दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहायला घेतली. काळ १७७४. इंग्लंडात लिंकनशायरच्या पाणथळ भागात, स्पॉल्डिंगजवळ, एका गिरणीवाल्याच्या बायकोला आठ महिने चातुर्थिक ताप, म्हणजे ठरावीक दिवसांनी उलटणारा हिवताप, येतोय. गावचा डॉक्टर नुसतं रक्त काढत राहतो, कुणाचं ऐकत नाही, आणि ती मरते. मग कलेनचं पत्र पोचतं. त्यात क्विनीन लिहिलेलं असतं, पण उशीर झालेला असतो. मैत्रिणीने वाचून विचारलं, "हे असंच व्हायचं कशावरून?" मला उत्तर देता आलं नाही. असा हट्टाला पेटलेला ताप त्या काळचा डॉक्टर खरोखर कसा हाताळायचा? आणि माझा शेवट चालेल का?

ता. क. पनवेलला माझ्या धाकट्या भावाला सहा महिन्यांत तिसऱ्यांदा मलेरिया झालाय, व्हायवॅक्स म्हणतात तो. तो म्हणतो, तुझ्या कथेतल्या बाईसारखंच चाललंय माझं. आजी असती तर सागरगोट्याची बी मिऱ्याबरोबर वाटून दिली असती.

प्रिय ताई,

भावाचं तुम्ही ताज्या कलमात ढकललंत, पण मी उत्तर तिथूनच सुरू करते. कथा दिवाळीपर्यंत थांबू शकते, भावाचं काम थांबणार नाही.

व्हायवॅक्सचे काही जंतू रक्तात न येता यकृतात झोपून राहतात. रक्तातल्या जंतूंवरचं औषध घेतलं की ताप जातो, माणूस कामाला लागतो, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी यकृतातले जागे होतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन नावाची वेगळी गोळी असते आणि ती आपल्याकडे १४ दिवस घ्यायची असते. सुरू करण्याआधी जी-६-पी-डी ही रक्ततपासणी करावी, कारण काही लोकांच्या लाल पेशी या गोळीने फुटतात. भावाला एकच गोष्ट सरळ विचारा: चौदाच्या चौदा दिवस घेतल्यास का? डास पुन्हा चावून नवा मलेरियाही झालेला असू शकतो, ते डॉक्टर ठरवतील. पण तिन्ही वेळचे रिपोर्ट घेऊन त्याला याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवा. सागरगोटा कडू आणि आजीची माया मोठी, हे मला मान्य आहे. माझ्याही घरी तो उगाळला जायचा. पण तो या गोळ्यांच्या जागी चालणार नाही.

हा प्रश्न तुमच्या कथेपासून लांबचा नाही. का, ते पुढे येईलच.

आता १७७४. आधी दिवस मोजू. तुमच्या खर्ड्यात बाईला सोमवारी ताप येतो आणि पुढची पाळी, म्हणजे तापाचा पुढचा झटका, शुक्रवारी. इथेच जाणकार वाचक थबकेल. चातुर्थिक ताप सोमवारी आला की पुढे गुरुवारी, मग रविवारी, मग बुधवारी. ज्या दिवशी ताप आला तो दिवस पहिला धरायचा, जसं आपण दहावं-तेरावं मोजताना धरतो. लॅटिन नाव देणाऱ्यांनीही असंच मोजलं आणि आपल्या चरकानेही. म्हणून तृतीयक म्हणजे एका दिवसाआड येणारा, आपले जुने लोक ज्याला एकांतरा म्हणायचे तो. चातुर्थिकात मधले दोन दिवस पूर्ण मोकळे असतात. जंतू लाल पेशीत वाढून ७२ तासांनी सगळे एकदम बाहेर पडतात, हे पुढे १८८० च्या दशकात कळलं. तुमच्या पात्रांना कारण ठाऊक नव्हतं, पण वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होतं. गिरणीवाल्याच्या घरात धान्य कुठल्या दिवशी दळायचं, बाजाराला कधी जायचं, हे सगळं त्या पाळीवर ठरत असणार. भिंतीवर एक कॅलेंडर लावा, आठ महिन्यांच्या पाळ्या लाल शाईने मांडा, मगच कथेला हात घाला. कथेचा निम्मा गुंता तिथेच सुटेल.

शब्दांबद्दल दोन सूचना. 'विषमज्वर' हा शब्द आयुर्वेदात याच तापासाठी आहे, पण आज मराठी माणूस तो टायफॉईडसाठी वापरतो. तुम्ही 'पाळीचा ताप' किंवा 'हिवताप' लिहा. दुसरं म्हणजे, तुम्ही दोन ठिकाणी 'पेरूची साल' लिहिलंय. पेरू देशातून आली म्हणून ते बरोबर असलं तरी वाचकाच्या डोळ्यांपुढे परसातलं पेरूचं झाड उभं राहील. सिंकोनाची साल म्हणा. १७४२ मध्ये वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीअसने हे नाव दिलेलं आहे, त्यामुळे १७७४ च्या डॉक्टराच्या तोंडी ते शोभेल. त्या काळचे इंग्रज मात्र नुसतं 'साल' म्हणायचे. दुसऱ्या कुठल्या झाडाची, असा प्रश्न कुणी विचारत नसे.

क्विनीन मात्र काढाच. ते १८२० मध्ये पॅरिसला पेल्तिये आणि कावांतू यांनी सालीतून वेगळं केलं. आपल्या आजोबांच्या पिढीचं 'कोयनेल' ते हेच. तुमच्या बाईच्या वेळी होती ती नुसती साल, दालचिनीसारखी गुंडाळी झालेली, खलात कुटून वस्त्रगाळ केलेली. डॉक्टर थर्मामीटर लावतो तेही काढा. घरोघर थर्मामीटर लावायची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. तुमचा डॉक्टर हात लावून पाहील, नाडी मोजेल, जीभ बघेल, डाव्या बरगडीखाली बोटं खुपसून पांथरी किती वाढली ते चाचपेल. आठ महिन्यांच्या तापात ती दगडासारखी लागायची.

आता तुमच्या खलनायकाकडे येते. ताई, मनापासून सांगते, या माणसावर तुम्ही अन्याय केलाय. रक्त काढणं तेव्हा सर्रास होतं, यात शंका नाही, आणि त्याने माणसं दगावली यातही नाही. वसंतात धडधाकट माणसाला जोराचा ताप भरला तर तुमच्या डॉक्टरने नस कापली असती. पण आठ महिने झिजलेली, पांढरीफटक पडलेली बाई पुढ्यात बसली असताना त्याचा हात आधी सालीच्या बरणीकडे गेला असता. १७७४ पर्यंत युरोपात साल येऊन सव्वाशे वर्षांहून जास्त काळ झाला होता. जेझुइट पाद्र्यांचं औषध म्हणून तिच्यावर झालेली भांडणं जुनी झाली होती. पाळीच्या तापावर साल हे औषध, एवढं गावच्या अपोथेकरीलाही माहीत होतं. (तो बहुधा पदवीधर नसेल. औषधं विकणारा, कुटणारा आणि घरी येऊन तपासणारा असा एकच माणूस.) खरा प्रश्न होता तो साल देऊनही ताप का हटत नाही, हा. तुमची कथा मला इथे हवी आहे.

तो काय करेल ते क्रमाने पाहू. आधी ओकारीचं औषध, मग जुलाब. पोट साफ नसताना साल दिली तर रोग आत कोंडला जातो, ही भीती खोलवर होती. साल दिल्यावर कुणाला कावीळ झाली, कुणाच्या पोटात पाणी झालं, की बोट सालीकडे जायचं. तापानेच यकृत आणि पांथरी बिघडवली असेल, हे फार थोड्यांच्या मनात यायचं. त्यामुळे सुरुवातीचे मोलाचे दिवस पोट धुण्यात जायचे आणि बाई आणखी अशक्त व्हायची. हा प्रसंग नक्की घ्या. यात कुणीच दुष्ट नाही, प्रत्येक जण काळजीनेच वागतोय आणि तरी नुकसान होतंय.

मग साल. दोन पाळ्यांच्या मधल्या काळात साधारण एक औंस, म्हणजे ३१ ग्रॅम, आठ भाग करून. चहाच्या चमच्यात ३१ ग्रॅम भुकटी मोजून बघा, मग अंदाज येईल. ती पोर्ट वाइनमध्ये कालवून द्यायची. पाण्यात विरघळत नाही, घशाला लाकडाच्या भुशासारखी चिकटते, आणि कडूपणा तासभर जात नाही. पुष्कळांना मळमळायचं, कुणाला जुलाब व्हायचे. औषध पोटात टिकावं म्हणून त्यात अफूच्या अर्काचे थेंब टाकत. मुलांना गिळवत नसे तेव्हा बस्तीने देत, नाहीतर बंडीच्या अस्तरात सालीची भुकटी भरून, वर टाके घालून, ती बंडी अंगात घालत. त्या बंडीचा कितपत उपयोग झाला असेल ते सोडा. पण कंदिलाच्या उजेडात आई अस्तरात कडू भुकटी भरतेय, हे दृश्य मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त भिडतं.

द्यायची कधी, यावरून मोठे मोठे डॉक्टर भांडले. सतराव्या शतकात रोममधून निघालेल्या सूचनेत थंडी वाजायला लागताच द्या असं होतं. त्याच शतकातल्या सिडनहॅम या इंग्रज डॉक्टरने लंडनमध्ये सांगितलं की पाळी संपल्यावर, मोकळ्या वेळेत द्या. कलेन म्हणायचे, येणाऱ्या पाळीच्या जितकं जवळ देता येईल तितकं बरं. तुमच्या कथेत गावचा अपोथेकरी सिडनहॅमच्या वळणाने चाललेला आणि कलेनचं पत्र वेगळं सांगतंय, असा पेच घालता येईल. स्कर्व्हीवरच्या लिंबांसाठी प्रसिद्ध असलेले जेम्स लिंड यांनी १७६८ मध्ये उष्ण देशांतल्या रोगांवर ग्रंथ काढला. थंडी ओसरून अंग भाजायला लागलं की अफू द्यावी, डोकेदुखी आणि जळजळ कमी होते, असं ते सांगत. लिंकनशायरच्या दलदलीत तर अफूची बोंडं उकळून प्यायची घरोघर सवय होती. तुमच्या बाईच्या चुलीवर ते भांडं हवंच.

आता कळीचा मुद्दा. साल हे खरं औषध होतं, मग ती हरायची कुठे?

एकतर ती नेहमी खरी नसायची. आजच्या इक्वेडोरमधल्या लोहा गावाच्या आसपासच्या डोंगरांतून ती यायची, महिनोन्‌महिने प्रवास करून, स्पेनच्या कॅडिझ बंदरातून. १७३७ मध्ये ला काँदामीन हा फ्रेंच शास्त्रज्ञ स्वतः लोह्याला जाऊन झाड बघून आला, तोवर युरोपातल्या डॉक्टरांना आपण कुठल्या झाडाची साल देतोय हे धड माहीत नव्हतं. वाटेत ओल लागायची. व्यापारी दुसऱ्याच झाडांच्या साली मिसळायचे आणि कडूपणा यावा म्हणून कोरफडीचा वाळवलेला रस, आपल्याकडचा काळा बोळ, त्यात घालायचे. पारख जिभेवर. आणि अस्सल साल असली तरी एका झाडात औषधी अंश दुसऱ्याच्या कितीतरी पट. समजा, बाईला मिळालेल्या सालीत दोन टक्के क्विनीन होतं. मग त्या अख्ख्या औंसात झालं सुमारे ६०० मिलिग्रॅम. आज डॉक्टर मोठ्या माणसाला साधारण एवढं क्विनीन एका वेळेला देतात, दिवसातून तीनदा, सात दिवस. सालीत क्विनीनचे भाऊबंदही असतात आणि तेही थोडं काम करतात, हे धरलं तरी तफावत केवढी आहे बघा. तुमची बाई तीन दिवसांत महामुश्किलीने जे गिळत होती, ते आजच्या एका डोसाच्या आसपास भरतं. ताप हटवादी नव्हता हो. त्याला कधी पुरेसं औषध मिळालंच नव्हतं.

हे त्या काळातही काहींना उमगलं होतं. इटलीत मोडेनाच्या फ्रान्चेस्को तोर्ती यांनी १७१२ मध्ये जीवघेण्या पाळीच्या तापात साल धीटपणे आणि मोठ्या मात्रेत द्यावी असं लिहिलं. त्यांच्या ग्रंथात तापांचं एक झाड चितारलंय. सालीने बरे होणारे ताप म्हणजे साल असलेल्या फांद्या, न होणारे ताप म्हणजे सोललेल्या उघड्या फांद्या. कलेनच्या पत्रांच्या नादात असाल तरी एकदा हे चित्र शोधून बघाच. रोगाला सूक्ष्मदर्शकाखाली कुणी पाहिलेलं नव्हतं, तेव्हा औषधाला तो कसा उत्तर देतो यावरून त्याची ओळख पटवायची, ही केवढी तीक्ष्ण बुद्धी आहे!

आणि आता ज्या माणसासाठी मी हे पत्र एवढं लांबवतेय, तो एडवर्ड स्टोन. ऑक्सफर्डशायरमधल्या चिपिंग नॉर्टनचा पाद्री, डॉक्टर नव्हे. २५ एप्रिल १७६३ ला त्याने लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या अध्यक्षांना एक पत्र लिहिलं. काही वर्षांपूर्वी त्याने सहज विलोची साल चाखली होती. विलो म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाचा नातलग. साल भलतीच कडू लागली आणि त्याला सिंकोना आठवली. हे झाड ओलसर जागी वाढतं आणि हिवतापही तिथलाच. रोगाच्या शेजारीच देवाने औषध ठेवलं असणार, असा त्याचा विश्वास. त्याने पौंडभर साल जमवली, पिशवीत घालून एका भटारखान्याच्या भट्टीला बाहेरून टेकवून तीन महिन्यांहून जास्त वाळवली, कुटली, चाळली आणि गरिबांना द्यायला लागला. सुरुवात २० ग्रेनने, म्हणजे साधारण सव्वा ग्रॅमने, नंतर दोन स्क्रूपल, म्हणजे अडीच ग्रॅमच्या वर, दर चार तासांनी. सुमारे पन्नास जणांना दिली आणि बहुतेक बरे झाले, असं तो सांगतो.

पण त्याने एक गोष्ट लपवली नाही. शरदातल्या काही तापांत आणि दीर्घ काळ मुरलेल्या चातुर्थिकात ही साल कमी पडली. ताप पुष्कळ हलका झाला, पण पाळीच्या वेळी त्याची झुळूक अंगावरून जायचीच, कितीही पुड्या दिल्या तरी. मग त्याने विलोच्या सालीत पाचवा हिस्सा सिंकोनाची साल मिसळली आणि ताप पूर्ण गेला. त्याच पत्रात घोडागाडी हाकणाऱ्या एका पोराची हकीकत आहे. एकांतरा बराचसा बरा होत आला होता. पोरगं कामावर गेलं, पुड्या घ्यायच्या राहिल्या, वाटेत खराब हवेत सापडलं, आणि ताप परत आला.

आज आपल्याला कळतं की विलोच्या सालीतला अंश तापाचा पारा उतरवतो, जंतूला मारत नाही, आणि सिंकोना मारते. स्टोनला यातलं काही ठाऊक नव्हतं. तरी त्याने जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिलं, स्वतःच्या लाडक्या सालीची हारसुद्धा. तुमचा अपोथेकरी असा माणूस करा ना! १७७४ मध्ये या पत्राला अकरा वर्षं झालीत, त्याच्या कानावर ते आलेलं असू शकतं. बाई गरीब नसली तरी आठ महिने परदेशी साल परवडणं अवघड आहे, म्हणून तो विलोची साल देऊन बघतो. ताप बुधवारी नुसता शिवून जातो. सगळे खूश. त्याला मात्र त्या शिवून जाण्याचीच धास्ती वाटते.

आर्सेनिकचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी विचारेल. स्टॅफर्डच्या थॉमस फाउलर यांनी पाळीच्या तापावरच्या आर्सेनिकच्या द्रावाचा वृत्तान्त १७८६ मध्ये छापला. चुकून कुणी पाणी समजून पिऊ नये म्हणून ते त्यात लॅव्हेंडरचा अर्क घालत. तुमच्या बाईला ते मिळणार नाही, आणि बरंच आहे.

आता तुमच्या खर्ड्यातले ते जाळं विणणारे कोळी. ॲशमोल नावाच्या विद्वान गृहस्थाने १६८१ मध्ये गळ्यात तीन कोळी बांधून ताप घालवल्याची नोंद रोजनिशीत केली आहे. तुम्ही ते थट्टेच्या सुरात घेतलंय, तो सूर काढा अशी विनंती. एकांतऱ्यावर आपल्याकडेही दंडाला दोरा बांधायचे. हा ताप कधी कधी आपणहून महिनाभर गप्प बसतो, आणि त्या आठवड्यात जे केलं असेल त्याला यश मिळतं. आठ महिने हुडहुडीने दातावर दात आपटणाऱ्या माणसाने काहीही करून बघितलं तरी मला त्याचं हसू येत नाही.

कलेनच्या पत्रात क्विनीनच्या जागी काय लिहायचं? त्यांच्या पत्रांचा सूर तुम्ही माझ्याहून जास्त वाचला आहे, म्हणून थोडक्यात सांगते. पुरेशी साल, येणाऱ्या पाळीच्या जवळ, आणि ताप थांबल्यावरही काही काळ मधून मधून. अंगाला उबदार फ्लॅनेल, ओल आणि गारठा टाळणं, पचेल ते खाणं, जमल्यास घोड्यावरून फिरणं, आणि दलदल सोडून काही दिवस उंच कोरड्या जागी राहणं. साल जठराला बळ देते म्हणून ताप हटतो, असं त्यांचं मत होतं. याच मतावर अडखळून १७९० मध्ये लाइपझिगला त्यांच्या ग्रंथाचा अनुवाद करणाऱ्या हानेमान यांनी स्वतः साल खाऊन पाहिली आणि तिथून होमिओपॅथी निघाली. आपल्या घराघरांतल्या पेटीतलं 'चायना' हे औषध म्हणजे हीच साल, चीन देशाशी त्याचा संबंध नाही. हे कथेत घालू नका, सोळा वर्षं पुढचं आहे, पण तुम्हाला आवडेल म्हणून सांगितलं. आणि टपालाचा हिशेब ठेवा. स्पॉल्डिंगहून एडिनबर्गला पत्र जाऊन उत्तर यायला आठवडा सहज जाईल. पत्र लिहिलं तेव्हाची बाई आणि उत्तर वाचणारी बाई यांच्यात दोन-तीन पाळ्यांचं अंतर पडलेलं असेल.

राहिला शेवट. बाईला मारू नका. चातुर्थिक ताप सगळ्यांत लांबतो पण सगळ्यांत कमी मारतो, हे हिपोक्रेटिसच्या काळापासून डॉक्टरांना ठाऊक होतं. तिला मारलंत तर कथा रक्त काढणाऱ्या सुरीवर संपते, आणि हा रोग तसा संपत नाही.

तिच्या हातात साल द्या आणि ती घेणं बाई मध्येच का सोडते ते दाखवा. चाळीस वर्षांपूर्वी मी रायगड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होते. वाडीवरच्या एका बाईला मलेरियाच्या गोळ्या दिल्या होत्या. महिन्याने ती पुन्हा तापाने फणफणत आली. गोळ्या घेतल्यास का, विचारलं तर तिने पदराची गाठ सोडली. आत तीन गोळ्या, घामाने पिवळा रंग सुटलेल्या. ताप गेल्यावर तिने त्या पोराला लागतील म्हणून ठेवल्या होत्या. मी तिला सगळ्यांदेखत फाडफाड बोलले. तिच्यासाठी त्या गोळ्या किती मोलाच्या होत्या हे मला तेव्हा दिसलं नाही, आणि ताप गेल्यावरही गोळी कशासाठी घ्यायची हे आधी समजावून सांगायचं काम माझं होतं, तेही मी केलं नव्हतं. ती गाठ अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तुमच्या भावाने गोळ्या सोडल्या असतील तर त्याच्यावर ओरडू नका, हे त्यासाठी सांगितलं.

तर असं करून बघा. अपोथेकरी धीर करून मात्रा वाढवतो. रविवारची पाळी नुसती शिवून जाते. बुधवारी नखं निळी पडत नाहीत, घोंगड्या घडी घातलेल्याच राहतात, ती दुपारभर दाराकडे बघत बसते आणि काहीच येत नाही. शनिवारीही नाही. बरणीत एक तृतीयांश साल उरली आहे, आणि कलेनच्या पत्रात ती संपेपर्यंत घ्यायला सांगितलं आहे. पाळण्यातल्या पोराचं अंग किंचित कोमट लागतंय. साल महाग आहे, तिला बरं वाटतंय, आणि पुढची पाळी मंगळवारी. सोमवारी रात्री ती बरणी हातात घेऊन उभी आहे. तिथून पुढचं तुम्ही लिहा, आणि लिहून झालं की मला पाठवा. भावाचा रिपोर्टही कळवा.

तुमची,
सदरलेखिका